‘ध’चा ‘मा’

पाटी घ्या. पाटीवर ‘धरावे’ हा शब्द लिहा. त्याच्या खाली ‘मारावे’ हा शब्द लिहा. आता दोन्ही शब्द नीट पाहा. मागचे ‘रावे’ दोन्हीकडे सारखेच आहे. पुढचे एकच अक्षर निराळे आहे. वरच्या शब्दात ‘ध’ आहे, खालच्या शब्दात ‘मा’ आहे. धरावे म्हणजे पकडावे. मारावे म्हणजे जीव घ्यावा. अक्षर एकच बदलले, पण अर्थ कुठल्या कुठे गेला!

‘ध’चा ‘मा’ करणे, असे आपल्या भाषेत म्हणतात. लिहिलेले होते एक, आणि कुणीतरी बदलून केले भलतेच, अशा वेळी हे बोल तोंडी येतात. हे बोल एका खुनावरून पडले आहेत. तो खून पुण्याच्या शनिवारवाड्यात झाला. साल होते १७७३. चुलत्याच्या माणसांनी सख्ख्या पुतण्याला मारले. या खुनावर पुढे एक मोठे नाटक झाले. त्याचे नाव ‘भाऊबंदकी’. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी ते लिहिले. १९०९ साली ते रंगभूमीवर आले. त्या नाटकात काय आहे आणि आपण ते का समजून घ्यावे, हे आम्ही आज सांगणार आहो.

तुम्ही म्हणाल, “पुण्याच्या पेशव्यांचे भांडण ते. आम्ही वर्ध्याकडचे शेतकरी. आम्हाला त्याचे काय?” थोडा धीर धरा. गोष्ट आपल्या वावराच्या धुऱ्यापर्यंत येणार आहे.

शोकांतिका म्हणजे काय?

आपल्याकडे दंडार होते, खडी गंमत होते. त्यात सोंगे येतात, हसायला येते, शेवट गोड होतो. पण काही नाटकांचा शेवट दुःखात होतो. अशा नाटकाला शोकांतिका म्हणतात. मात्र नुसते कुणी मेले म्हणजे शोकांतिका होत नाही. पूर आला आणि घर वाहून गेले, तर ते संकट झाले. त्यात माणसाचा काय दोष? शोकांतिकेत माणूस स्वतःच्या हाताने आपला नाश ओढवून घेतो. तोही वाईट माणूस नव्हे. चांगला, कर्तबगार, चार लोकांनी नाव घ्यावे असा माणूस. त्याच्या मनात एक हाव शिरते, आणि ती त्याला खड्ड्यात नेते. पाहणाऱ्याला वाटते, अरे थांब! पण तो थांबत नाही. म्हणून आपण रडतो.

इंग्रजांच्या देशात शेक्सपियर नावाचा मोठा नाटककार होऊन गेला. त्याचे मॅकबेथ नावाचे नाटक असेच आहे. मॅकबेथ शूर सरदार होता. आपण राजा व्हावे असे त्याच्या मनात आले. मन कचरत होते. बायकोने भर दिली. राजा घरी पाहुणा आला असता त्याने त्याला रात्री झोपेत मारले. गादी मिळाली, पण दोघांची झोप गेली. बायकोला आपल्या हाताला रक्त लागलेले दिसू लागले. धुऊन धुऊन ते जाईना. हे नाटक मराठीतही आले. शिवराम महादेव परांजपे यांनी त्यावरून ‘मानाजीराव’ लिहिले. वि. वा. शिरवाडकर यांनी ‘राजमुकुट’ लिहिले. खाडिलकरांना मात्र परक्या देशातली गोष्ट आणायची गरज पडली नाही. तशीच गोष्ट आपल्याच घरात घडलेली होती.

वाड्यातले भांडण

पेशवे म्हणजे मराठी राज्याचे मुख्य कारभारी. नानासाहेब पेशवे १७६१ साली वारले. त्यांचा धाकटा भाऊ रघुनाथराव. त्यालाच राघोबादादा म्हणत. राघोबा मोठा लढवय्या. त्याच्या फौजा १७५८ साली पार अटकेपर्यंत जाऊन पोचल्या होत्या. भाऊ गेल्यावर त्याला वाटले, आता गादी मला मिळावी. पण रीत अशी की बापामागे मुलगा. गादी नानासाहेबांच्या मुलाला, माधवरावाला मिळाली. माधवराव तेव्हा सोळा वर्षांचा होता.

माधवराव वयाने लहान, पण मोठा करारी निघाला. चुलत्याने भांडण काढले, लढायाही केल्या. शेवटी १७६८ साली माधवरावाने चुलत्याला पकडून पुण्याच्या वाड्यात नजरकैदेत ठेवले. पुढे माधवरावाला क्षयाने गाठले. १७७२ साली थेऊर गावी तो वारला. मग त्याचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. तो सतरा वर्षांचा होता. उतावळा होता, तोंडाने फटकळ होता. त्यानेही चुलत्याला कैदेत ठेवले.

आता राघोबाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. आपण लढाया मारल्या. आपण राज्य वाढवले. आणि आज आपल्याच वाड्यात आपल्या दाराशी पहारा! काल जन्मलेला पोरगा गादीवर बसून हुकूम सोडतो! मनाला झोंबेल की नाही? झोंबेल. राघोबाचे हे दुःख खोटे नव्हते. नाटक पाहताना हे ध्यानात ठेवले पाहिजे. पापाची सुरुवात पुष्कळदा खऱ्या दुःखातून होते. “माझ्यावर अन्याय झाला,” एवढे एक वाक्य माणूस मनात घोळवतो, आणि मग त्याला सगळेच रास्त वाटू लागते.

दोन मने

आपण मोठे व्हावे, आपले नाव व्हावे, या इच्छेला महत्त्वाकांक्षा म्हणतात. शब्द लांब आहे, पण गोष्ट ओळखीची आहे. पोराने शिकून मोठे व्हावे, ही महत्त्वाकांक्षाच. कोरडवाहू वावरात विहीर खणावी, हीही महत्त्वाकांक्षाच. तिच्यात वाईट काही नाही. ती नसती तर तुम्ही दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडले नसते.

मग ती वाईट कधी होते? दुसऱ्याचा जीव, दुसऱ्याचा हक्क वाटेत आडवा येतो तेव्हा. अशा वेळी माणसाला दोन मने होतात. एक मन म्हणते, “घे.” दुसरे म्हणते, “नको, हे तुझे नाही.” या दोन मनांच्या झगड्याला मनातले द्वंद्व म्हणतात. इतिहासाच्या पुस्तकात कोण कधी मेले ते लिहिलेले असते. आतला झगडा तिथे दिसत नाही. तो नाटकात दिसतो. पात्र रंगमंचावर एकटे उभे राहते आणि मनातले मोठ्याने बोलते. त्याला स्वगत म्हणतात. त्या वेळी त्या माणसाच्या छातीत जे चालले आहे ते समोर बसलेल्या शेवटच्या माणसालाही ऐकू येते. नाटकाची खरी ताकद ही आहे.

‘भाऊबंदकी’तल्या राघोबाला अशी दोन मने आहेत. त्याला गादी हवी आहे, पण हात रक्ताने भरायला नको आहेत. फळ हवे, पण झाडावर दुसऱ्याने चढावे. त्याची बायको आनंदीबाई मात्र पक्क्या मनाची आहे. नवऱ्याचे मन डगमगते, तिचे डगमगत नाही. मॅकबेथच्या बायकोची आठवण व्हावी असे हे पात्र खाडिलकरांनी रंगवले आहे.

तो दिवस

वाड्यावर गारद्यांचा पहारा असे. गारदी म्हणजे पगारी शिपाई. त्यांचा पगार थकला होता, ते चिडलेले होते. सुमेरसिंग हा त्यांचा एक नायक. नारायणरावाला पकडण्याचा कट शिजला. ३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस होते. दुपारी गारदी हत्यारे घेऊन वाड्यात घुसले. नारायणराव पळत चुलत्याच्या महालात गेला आणि त्याने चुलत्याला मिठी मारली. “काका, मला वाचवा!” ही त्याची हाक लोकांच्या तोंडी आजही आहे. चापाजी टिळेकर नावाचा चाकर धन्याला वाचवायला मध्ये पडला. गारद्यांनी दोघांनाही तोडले. नारायणराव अठरा वर्षांचा होता. शनिवारवाड्याच्या एका दरवाज्याला आजही नारायण दरवाजा म्हणतात. त्याच दरवाज्याने त्याचा देह बाहेर नेला, असे सांगतात.

आता त्या अक्षराकडे येऊ. लोक अशी गोष्ट सांगतात की, राघोबाने गारद्यांना ‘नारायणरावास धरावे’ असा हुकूम लिहून दिला होता. आनंदीबाईने तो कागद मध्येच घेतला, ‘ध’ खोडला आणि ‘मा’ केला. कित्येक इतिहासकार या गोष्टीला दंतकथा मानतात. दंतकथा म्हणजे तोंडातोंडी चालत आलेली गोष्ट. पण अडीचशे वर्षे झाली तरी ती टिकली आहे. ती का टिकली असावी?

आम्हाला एक कारण दिसते. या गोष्टीने राघोबा सुटतो. सगळा दोष एका बाईच्या आणि एका अक्षराच्या माथी बसतो.

आमच्या वर्गात ही गोष्ट वाचली, तेव्हा मोठी चर्चा झाली. एक जण म्हणाले, “राघोबाचं काय चुकलं जी? त्यानं तं धरा म्हटलं होतं. मारलं दुसऱ्यानं.”

मागे एक म्हातारी बाई बसली होती. ती अजून जोडाक्षरांपाशी अडखळते. ती म्हणाली, “काहून बाबू, चिडलेल्या माणसाच्या हाती विळा देऊन म्हणायचं, फक्त धमकाव! आन् विळा लागला तं म्हणायचं, मी कुठं सांगतलं होतं?”

सगळे गप्प झाले. नाटकाचे मर्म त्या बाईने चार शब्दांत सांगितले. ‘मा’ कुणी लिहिला, हा पुढचा प्रश्न आहे. आधी ‘ध’ लिहिला, तेथेच पाय घसरला होता. आपल्या पुतण्यावर हत्यारबंद माणसे सोडायला राघोबाचे मन तयार झाले, तेव्हाच अर्धा खून झाला होता. आणि पोर गळ्याला मिठी मारून उभे होते तेव्हा कागदाचा काय संबंध? तेव्हा तर तोंडाने ‘नको’ म्हणता येत होते, हात आडवा घालता येत होता. एका चाकराने आपला देह आडवा घातला. चुलत्याने पोराला वाचवले नाही.

‘नाही’ म्हणणारा माणूस

खुनानंतर राघोबा पेशवा झाला. दरबार भरला. मोठमोठे सरदार मुजरे करू लागले. पोटात राग असला तरी ओठांवर कुणाच्या येईना. गादीवर बसलेल्याला कोण बोलणार?

एक माणूस बोलला. त्याचे नाव रामशास्त्री प्रभुणे. ते पेशव्यांचे न्यायाधीश होते. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात, ती तुम्हाला फार आवडेल. विसाव्या वर्षापर्यंत रामशास्त्र्यांना विद्या नव्हती. सातारच्या एका सावकाराकडे ते पडेल ते काम करीत. एकदा कुणी अडाणी म्हणून हिणवले. ते मनाला लागले. ते उठले आणि चालत काशीला गेले. मोठ्या वयात शिकायला बसले आणि पंडित होऊन परत आले. मोठेपणी अक्षर गिरवायला ज्यांना लाज वाटते, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

रामशास्त्र्यांनी खुनाची चौकशी केली आणि राघोबालाच दोषी ठरवले. नाटकातला हा प्रसंग फार गाजला. ज्याच्या हाती सारी सत्ता, त्याला न्यायाधीश तोंडावर सांगतो की या पापाला देहांत प्रायश्चित्त आहे, म्हणजे स्वतःचा जीव देणे हीच भरपाई. न्यायाधीशाच्या हाती तलवार नाही, फौज नाही. आहे फक्त खरे बोलण्याची हिंमत. एवढे सांगून रामशास्त्री मानाची जागा सोडून पुण्याबाहेर निघून गेले. पुढे नाना फडणिसांच्या कारभारात ते पुन्हा न्यायाच्या जागेवर आले.

रामशास्त्र्यांनाही इच्छा होत्या. अडाण्याचा पंडित झाला, पंडिताचा न्यायाधीश झाला. महत्त्वाकांक्षा त्यांनाही होतीच. फरक एवढाच की जागा हातची गेली तरी चालेल, पण खरे सोडायचे नाही, हे त्यांनी ठरवले होते. राघोबाने गादीसाठी माणूस सोडला. रामशास्त्र्यांनी खऱ्यासाठी गादीजवळची जागा सोडली.

मिळाले काय?

राघोबाला गादी मिळाली खरी, पण ती किती दिवस? नारायणरावाची बायको गंगाबाई तेव्हा गरोदर होती. नाना फडणीस, सखारामबापू आणि इतर कारभारी एक झाले. त्यांनी राघोबाची सत्ता मानली नाही. यालाच बारभाईंचा कारभार म्हणतात. एप्रिल १७७४ मध्ये पुरंदर किल्ल्यावर गंगाबाईला मुलगा झाला. तो सवाई माधवराव. चाळीस दिवसांचे मूल पेशवा झाले, आणि अटकेपर्यंत फौजा नेणारा राघोबा रानोमाळ पळत सुटला.

शेवटी तो इंग्रजांच्या दारी गेला. १७७५ साली सुरतेला त्याने इंग्रजांशी करार केला. मला गादी मिळवून द्या, मी तुम्हाला साष्टी आणि वसई देतो, असे लिहून दिले. घरच्या भांडणात परका बोलावला. सात वर्षे लढाई चालली. १७८२ साली सालबाईचा तह झाला. राघोबाच्या वाट्याला गादी नाही, फक्त तनखा आला. पुढच्याच वर्षी कोपरगावला तो वारला. त्याचा मुलगा दुसरा बाजीराव पुढे पेशवा झाला. त्याच्याच हातून १८१८ साली पेशवाई इंग्रजांकडे गेली.

आपल्याच मुलखातली गोष्ट

हे सारे पुण्यातच झाले असे समजू नका. तेव्हा आपला हा वर्ध्याचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. तिथेही तीच आग लागली होती. १७७२ साली जानोजी भोसले वारले. त्यांना मूल नव्हते. मागे मुधोजी आणि साबाजी हे भाऊ राहिले. मुधोजीचा मुलगा दत्तक घ्यायचे ठरले होते. पण साबाजीलाही राज्य हवे होते. दोघे भाऊ फौजा घेऊन लढले. एकाने पुण्यात राघोबाचा पक्ष धरला, दुसऱ्याने विरुद्ध बाजू धरली. १७७५ साली नागपूरजवळ पाचगावला लढाई झाली. तिथे मुधोजीने पिस्तूल झाडले आणि भाऊ साबाजी ठार झाला.

पुण्याला चुलता आणि पुतण्या. नागपूरला भाऊ आणि भाऊ. वर्षे जवळजवळ तीच. म्हणून खाडिलकरांनी नाटकाला राघोबाचे नाव दिले नाही, आनंदीबाईचे दिले नाही. ‘भाऊबंदकी’ हे नाव दिले. रोग एका माणसाचा नाही, हे त्यांना सांगायचे असावे.

धुऱ्याची गोष्ट

आता आपल्या वावरात येऊ. समजा, दोन भाऊ आहेत. बापाच्या मागे वावराची वाटणी झाली. मध्ये धुरा पडला. थोरल्याला वाटते, विहीर मी खणली, कर्ज मी फेडले, धाकट्याला आयते मिळाले. त्याचे म्हणणे अगदी खोटेही नसते. मग तो वखर चालवताना धुरा थोडा कोरतो. एक तास इकडचे तिकडे. पुढल्या साली आणखी एक. मनातले एक मन म्हणते, “हे तुझे नाही.” दुसरे म्हणते, “माझ्या कष्टाचेच आहे.” मग एक दिवस धाकटा आडवा येतो. थोरला चार माणसे बोलावतो आणि सांगतो, “जरा समजावा त्याले.” पटवाऱ्याकडे खेटे होतात, कोर्टात तारखा पडतात. ज्या हातभर मातीसाठी भांडण, तिच्या किमतीहून जास्त पैसा वकिलाला आणि बसभाड्याला जातो. कधी कधी काठी उठते, आणि मग एक भाऊ दवाखान्यात, दुसरा तुरुंगात.

“जरा समजावा त्याले,” हा आपला ‘धरावे’ आहे. त्याचा ‘मारावे’ व्हायला आनंदीबाई लागत नाही. राग पुरतो, नाही तर दारू पुरते.

म्हणून पहिले अक्षर लिहितानाच हात आवरला पाहिजे. अन्याय झाला असेल तर चार माणसांपुढे बोला, मोजणी मागा, कायद्याने दाद मागा. हक्क सोडा, असे आम्ही म्हणत नाही. हक्क मागताना हाती काय धरता आणि कुणाला पुढे करता, तेवढे पाहा.

आणखी एक. पूर्वी तुमच्यापुढे कागद यायचा. कुणी वाचून दाखवायचे, तुम्ही अंगठा उठवायचे. ‘ध’ आहे की ‘मा’ आहे, हे तुम्हाला कळत नव्हते. आता कळते. आता कागदावर सही केली, तर ती तुमची. “मला ठाऊक नव्हतं,” असे म्हणायची सोय आता राहिली नाही. ज्याला वाचता येते, त्याची जबाबदारीही वाढते.

त्या रात्री वर्ग सुटला. ‘राघोबाचं काय चुकलं’ म्हणणारे दादा मागे थांबले. त्यांचा धाकट्या भावाशी तीन वर्षे बोलणे नाही, हे आम्हाला ठाऊक होते. त्यांनी पाटी पुसली, पुन्हा लिहिली आणि आमच्यापुढे धरली. अक्षरे वाकडी होती, पण वाचता येत होती. त्यांनी ‘धरावे’ लिहिले नव्हते, ‘मारावे’ही लिहिले नव्हते. त्यांनी लिहिले होते, ‘बोलावे’.